एका मिनिटाची कोळंबी

ॲनिमेशन फिल्म करायची म्हटलं की आपण लगेच सॉफ्टवेअर शोधायला लागतो. खरं तर आधी लागतात कागद, पेन्सिल आणि घड्याळ! साध्या सिनेमात जास्तीचं शूटिंग करून नंतर कापता येतं. इथे प्रत्येक सेकंद हाताने बनवावा लागतो. म्हणून कात्री आधी चालवायची, चित्रं नंतर काढायची.

हे आपल्याकडे नवीन नाही. १९१२ साली लंडनहून परतल्यावर दादासाहेब फाळक्यांनी वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत त्याची वाढ टिपली. मधेच कॅमेरा हलला असता तर रोप परत लहान थोडंच झालं असतं? सगळं आधीच ठरवायला हवं होतं. ती छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं आणि दादरला 'राजा हरिश्चंद्र' केला. पुढे त्यांनी आगकाड्यांनाही पडद्यावर नाचवलं!

आता आपण एक फिल्म प्लॅन करून बघू. विषय : शीव कोळीवाडा.

१) गोष्ट एका वाक्यात लिहा. एका वाक्यात बसत नसेल तर एका मिनिटातही बसणार नाही. आपलं वाक्य : 'कोळीवाडा हे नाव स्टेशनच्या पाटीवरून गेलं, पण मेनूकार्डावर राहिलं.' आजचं गुरु तेगबहादूर नगर स्टेशन पूर्वी कोळीवाडा होतं. फाळणीनंतर इथे निर्वासित पंजाबी कुटुंबं आली. त्यांच्या ढाब्यांवर कोळ्यांची कोळंबी बेसन-ओवा लावून तळली गेली आणि 'कोळीवाडा' झाली, असं सांगतात. इथला इतिहास विचारणारे कमी, डिश मागवणारे जास्त! फिल्म करायची ती यासाठीच.

२) स्टोरीबोर्ड काढा. २० सेकंद जाळं आणि कोळंबी, २० सेकंद निर्वासितांची वस्ती आणि कढई, २० सेकंद दूरच्या शहरातलं मेनूकार्ड. काड्यांची माणसं चालतील, पण प्रत्येक चौकटीखाली सेकंद लिहाच.

३) हिशेब करा. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे मिनिटाला १४४०. एक चित्र दोन फ्रेम वापरलं तर ७२० चित्रं. दोघांनी रोज रात्री प्रत्येकी ३० काढली तर १२ रात्री. आता बघा, पाटी आणि मेनूकार्ड यांना हलायची गरजच नाही. असे २० सेकंद स्थिर ठेवले तर जवळजवळ २४० चित्रं कमी, म्हणजे चार रात्री वाचल्या. व्हायवाच्या आधी चार रात्री म्हणजे काय, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको!

४) आवाज आधी रेकॉर्ड करा. स्टोरीबोर्डचे मोबाईलवर फोटो काढून त्या आवाजावर लावा. यालाच ॲनिमॅटिक म्हणतात. गोष्ट माहीत नसलेल्या रूममेटला तो दाखवा. त्याला पाटी आणि मेनूकार्डाचा संबंध कळला नाही, तर आत्ताच बदला. आत्ता चार चौकटी बदलाव्या लागतील, नंतर दोनशे चित्रं.

५) मगच ब्लेंडरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडा. कोळंबी एकाने आणि बॅकग्राउंड दुसऱ्याने, अशी कामं वाटून घ्या. नाहीतर प्रत्येक शॉटमध्ये कोळंबीचा चेहरा वेगळा दिसेल.

एवढं केलंत तर सबमिशनच्या धावपळीतही फिल्म पूर्ण होईल. पहिला शो मेसमध्येच ठेवा. ताटात कोळंबी नसली तरी चालेल!