पहारा उठवताना

पोरांनो, सेवा बंद करायचं ठरवलंत ते बरं केलंत. दिवा स्टेशनातून पहाटेची लोकल पकडायची, दिवसभर दुसऱ्याची नोकरी करायची आणि रात्री दोनला कुठल्या तरी वाचनालयाचा सर्व्हर पडला म्हणून उठून बसायचं, हे बिनपगारी काम तुम्ही निभावलंत. पतपेढ्या, क्लास, सोसायट्या, वाचनालयं यांना संगणकावर नजर ठेवायला माणूस परवडत नव्हता, म्हणून तुमचा पहारा होता. आता मंडळी पांगली. कुणी पुण्याला गेलं, कुणाच्या घरी तान्हं मूल आलं, आणि अलार्म एकाच्याच उशाशी वाजतो. तो एकटा आजारी पडला की पहारा संपला. असल्या पहाऱ्यावर लोकांना विसंबून ठेवण्यापेक्षा तो रीतसर उठवलेला बरा.

रीतसर म्हणजे कसा, ते सांगतो. आधी आपल्या कामाचा स्वभाव ओळखा. सगळं सुरळीत असतं तेव्हा आपण गप्प असतो. तुमचा मेसेज आला नाही म्हणजे सर्व्हर चालू आहे, असं लोक धरून चालतात. उद्या तुम्ही बंद केलंत तरी मेसेज येणार नाहीच, आणि लोक तेच धरून चालतील. दुसरी कुठलीही सेवा बंद पडली की बोंबाबोंब होते. आपली बंद पडली तर कुणाला पत्ताही लागत नाही. ज्या दिवशी लागतो त्या दिवशी उशीर झालेला असतो. पुढचं सगळं या एकाच गोष्टीतून निघतं.

तारीख नीट निवडा

मार्चअखेर नको, पतपेढ्यांचे हिशेब चालू असतात. दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस नकोत, क्लासवाल्यांची धावपळ असते. पहिल्या पावसात वीज जाते-येते, सर्व्हर पडतात ते तेव्हाच. गणपतीत तर बिलकूल नको. निम्मं दिवा सावंतवाडीच्या गाडीत असतं आणि फोन उचलायला कुणी नसतं. शुक्रवारची संध्याकाळ टाळा. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी अकरा ही वेळ चांगली. काही अडलंच तर समोरचा माणूस जागेवर असतो आणि तुम्हीही.

मुदत किमान तीन महिन्यांची द्या. वेबसाइटना फुकट सुरक्षा प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था प्रमाणपत्राची मुदत संपत आली की ईमेलने आठवण करायची. ती आठवण बंद करायचं त्यांनी २०२५च्या जानेवारीत जाहीर केलं आणि ४ जून २०२५ला ती बंद केली. कारणंही उघड सांगितली: बहुतेकांचं नूतनीकरण आता आपोआप होतं, लाखो ईमेल पत्ते सांभाळणं ही जोखीम आहे, वर्षाला हजारो डॉलर जातात आणि गुंतागुंत वाढते. त्यात कुठे रडगाणं नव्हतं. तुमचंही कारण एका ओळीत सांगा. ‘माणसं कमी पडली’ हे कारण पुरेसं आहे, त्याची लाज वाटायचं कारण नाही.

नोटीस मेगाब्लॉकसारखी लिहा

रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी दिव्यातला शाळकरी मुलगाही वाचू शकतो. कुठल्या मार्गावर, किती ते किती, कुठली गाडी कुठून वळणार, एवढंच त्यात असतं. तुमची नोटीस तशीच हवी. ‘जड अंतःकरणाने कळवतो’, ‘प्रवासात साथ दिल्याबद्दल’ वगैरे खाली लिहा किंवा लिहूच नका. मी अशी लिहीन:

‘बुधवार, ता. अमुक, सकाळी ११ पासून आम्ही तुमच्या सर्व्हरवर लक्ष ठेवणार नाही. त्यानंतर सर्व्हर बंद पडला तरी आमचा मेसेज येणार नाही. मेसेज आला नाही याचा अर्थ सर्व्हर चालू आहे असा घेऊ नका. त्याआधी दुसरी सोय करा. मदत हवी असेल तर या नंबरवर फोन करा. वाचलंत तर “कळलं” एवढं उत्तर पाठवा.’

यातलं तिसरं वाक्य कुणी काय म्हणेल ते म्हणो, गाळू नका.

‘पाठवलं’ आणि ‘कळलं’ यांत फरक करा

व्हॉट्सअॅपच्या निळ्या खुणा मोजत बसू नका. एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: पाठवलं, कळलं, दुसरी सोय झाली. ‘कळलं’ हा रकाना रिकामा दिसला की फोन लावा. फोन लागला नाही तर सोसायटीच्या ऑफिसात जा, वॉचमनला विचारा. पुष्कळदा तुमच्याकडचा नंबर जुन्या सेक्रेटरीचा निघतो. कमिटी बदलून दोन वर्षं झालेली असतात, आणि अलर्ट निवृत्त माणसाच्या फोनवर जाऊन पडत असतात.

निरोप एकाच वाटेने पाठवू नका. ४ ऑक्टोबर २०२१ला व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळंच सहा तासांच्या आसपास बंद होतं. त्या रात्री ज्यांचा अलार्म फक्त व्हॉट्सअॅपवर होता त्यांचा अलार्मही झोपला होता. एसएमएस पाठवणार असाल तर आणखी एक खोच आहे. मजकुराचा साचा आधी नोंदवून घ्यावा लागतो. ८ मार्च २०२१ला मोबाइल कंपन्यांनी या साच्यांची तपासणी कडक केली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते आणि दूरसंचार नियामक ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली. तुमचा नोंदवलेला साचा ‘सर्व्हर बंद आहे’ आणि ‘सर्व्हर सुरू झाला’ एवढाच असणार. ‘सेवा बंद होत आहे’ हा साचा आजच नोंदवायला टाका. शेवटच्या आठवड्यात आठवलं तर मेसेज जाणार नाही.

दुसरी सोय हातात ठेवा

‘पर्याय शोधा’ म्हणून हात झटकू नका. प्रत्येकाला त्याची यादी साध्या तक्त्यात काढून द्या: कुठला पत्ता तपासतो, कुठला पोर्ट, दर किती मिनिटांनी, किती वेळा चुकलं की अलार्म, कुणाला. हे त्यांच्या कुणाच्याही डोक्यात नसतं, ते फक्त तुमच्याकडे असतं. ज्यांच्याकडे थोडा जाणता मुलगा आहे त्यांना अपटाइम कुमा बसवून द्या. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. बॅकअपसारख्या ठरावीक वेळच्या कामांसाठी हेल्थचेक्स आहे. त्यात उलटा हिशेब असतो: काम झालं की ते हजेरी लावतं, आणि हजेरी चुकली की घंटा वाजते.

एक पथ्य मात्र सांगा. पहारेकरी आणि ज्यावर पहारा द्यायचा ते यंत्र एका छताखाली नको. १२ ऑक्टोबर २०२०चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास ग्रीड कोसळली. मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात, लोकल जागच्या जागी. त्या वेळी सर्व्हर ठाण्यात आणि त्याच्यावर नजर ठेवणारं यंत्रही ठाण्यात असेल, तर अलार्म वाजवणार कोण? नजर ठेवणारं यंत्र दुसऱ्या शहरात असू द्या.

नवी सोय बसली की महिनाभर दोन्ही पहारे एकत्र चालवा. आणि एकदा मुद्दाम सर्व्हर बंद करून बघा. नव्या फोनवर घंटा वाजली, तरच तिसऱ्या रकान्यात खूण करा.

आधी थोडं बंद करून बघा

शेवटच्या महिन्यात एकदा तासभर, मग चार तास, मग अख्खा दिवस सेवा बंद ठेवा, अर्थात आधी सांगून. नोटीस न वाचणारे इथे सापडतात. या तालमीच्या वेळी तुमच्या सर्व्हरने ५०३ हे उत्तर द्यावं, म्हणजे ‘सध्या बंद, नंतर या’. कायमचं बंद केल्यावर ४१० द्यावं, म्हणजे ‘कायमचं गेलं’. ४०४ देऊ नका. त्यावरून पत्ता चुकला की सेवा संपली, ते कळत नाही.

आता एक बारीक गोष्ट नीट बघा. पुष्कळांच्या सर्व्हरवर क्रॉनटॅबमध्ये रात्रीच्या बॅकअपची एक ओळ असते. आधी कर्ल वापरून तुम्हाला ‘सुरू केलं’ असं कळवायचं, मग मध्ये दोन अँपरसँड आणि त्यापुढे बॅकअपची आज्ञा. दोन अँपरसँडचा अर्थ असा की पहिलं जमलं तरच दुसरं करायचं. तुमची सेवा गेली आणि कर्लला -f हा पर्याय लावलेला असला किंवा तुमच्या सर्व्हरशी जोडणीच झाली नाही, तर पहिलं फसणार आणि त्या रात्रीपासून बॅकअपच होणार नाही. तुम्ही उत्तर न देता कनेक्शन नुसतं लटकत ठेवलंत आणि कर्लला वेळेची मर्यादा घातलेली नसली, तर ती ओळ तिथेच अडकून बसते. दोन्ही प्रकारांत बोंब मारणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून बंद करण्यापूर्वी तुमच्या लॉगमध्ये बघा, अजून कोण हजेरी लावतंय. त्या प्रत्येकाकडून ती ओळ स्वतःसमोर काढून घ्या.

चाव्या परत करा

तुमच्या यंत्राला आत शिरता यावं म्हणून लोकांनी फायरवॉलमध्ये तुमच्या आयपीला वाट दिली आहे. काहींनी एसएसएचची किल्ली ठेवली आहे, काहींनी एजंट बसवला आहे. तुम्ही भाड्याचा सर्व्हर सोडलात की तोच आयपी उद्या दुसऱ्या भाडेकरूला जातो. तो कोण, कसा, तुम्हाला माहीत नाही. पण पतपेढीचं दार त्याच्यासाठी उघडंच आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सगळीकडून आयपी, किल्ली, एजंट काढा, मग सर्व्हर सोडा. टेलिग्रामच्या बॉटचं टोकनही रद्द करा.

नाव मात्र सोडू नका

डोमेनचे पैसे अजून पाच वर्षं भरा. वर्गणीतले पैसे उरले असतील तर पहिला खर्च हा. स्पॅमसाठी कुणालाही वापरता येणाऱ्या उघड्या मेल सर्व्हरची यादी देणारी ओआरडीबी ही स्वयंसेवकांची सेवा डिसेंबर २००६मध्ये बंद झाली. सव्वा वर्षानंतरही जगभरचे मेल सर्व्हर तिला विचारतच होते. मार्च २००८मध्ये तिच्याकडून प्रत्येक पत्त्यासाठी ‘हा यादीत आहे’ असं उत्तर जाऊ लागलं, आणि ज्यांनी सेटिंग काढलं नव्हतं त्यांचं सगळं टपाल अडलं. तेव्हा बंद झालेल्या सेवेला लोक वर्षानुवर्षं विचारत राहतात, हे लक्षात ठेवा. तिने कधीही खोटं उत्तर देऊ नये. त्याहून वाईट म्हणजे नाव परक्याच्या हाती जाणं. पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४च्या फेब्रुवारीत एका कंपनीकडे गेलं आणि जूनपर्यंत लाखाहून अधिक वेबसाइटवर घातक कोड पोचला. त्या सगळ्यांनी विश्वास टाकला होता तो जुन्या नावावर.

‘आम्ही चालवतो’ म्हणणाऱ्याच्या हाती घाईने देऊ नका

बंद करतोय म्हटलं की कुणीतरी पुढे येतोच. कधी तो खरोखर भला माणूस असतो. पण एक्सझेड नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरचा एकटा, थकलेला सांभाळकर्ता होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं गोडीगुलाबीने मदत केली, अधिकार मिळवले आणि आत चोरवाट ठेवली. २९ मार्च २०२४ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती उघड केली, तीसुद्धा लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची चिकित्सा करताना. तेव्हा चालवायला द्यायचंच असेल तर कोड द्या, पण लोकांची यादी आणि किल्ल्या देऊ नका. ज्याला नव्या हाताने चालवायचंय त्याने नव्या नावाने चालवावं आणि लोकांनी स्वतःहून त्याच्याकडे जावं.

वह्या बंद करा

फोन नंबर, सर्व्हरचे पत्ते, कुणाचा सर्व्हर कधी पडला याचा इतिहास, हे सगळं महिनाभर ठेवून पुसा, बॅकअपमधूनही. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही रोख हाच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती बाळगायची नाही. यूपीआयचा ऑटोपे थांबवा, एसएमएसचं खातं मिटवा, उरलेल्या वर्गणीचा हिशेब एका पानावर सगळ्यांना पाठवा. आणि ज्याच्या उशाशी फोन वाजत होता त्याच्या फोनवरून ते अॅप, ती रिंगटोन आठवणीने काढून टाका. त्यालाही निवृत्ती मिळाली पाहिजे.

शेवटच्या सकाळी अकराला बटण दाबण्यापूर्वी वही उघडा. तिसरा रकाना सगळीकडे भरलेला असेल तर खुशाल दाबा आणि चहाला जा. एकाही नावापुढे तो रिकामा असेल, तर तारीख आठवड्याने पुढे ढकला आणि त्या माणसाला फोन लावा.