पोतेरे स्वच्छ, तर घर स्वच्छ

आपण रोज घर पुसतो. फरशी चकचकीत दिसते. मन प्रसन्न होते. पण ज्याने पुसले ते पोतेरे आपण पाहतो का?

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. नातू तेव्हा रांगत होता. फरशी रोज पुसली जाई, तरी घरात कुबट वास येई. सूनबाई उदबत्ती लावायची. एके दिवशी मी मोरीत डोकावलो. बादलीत कालचे काळे पाणी. त्यात पोतेरे तसेच बुडालेले. हात लावला, तर बुळबुळीत!

मी म्हणालो, “सूनबाई, हे वाळत का नाही घातलं?”

ती हळूच म्हणाली, “मामंजी, अंगणात फडकं बरं दिसत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

मी गप्प झालो. शाळेत मी मुलांची नखे तपासत असे. घरचे पोतेरे मात्र कधी तपासले नाही.

ओल असते तिथे जंतू वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. घाण फडके फिरवले की ते घरभर पसरतात. रांगते मूल जमिनीवर हात टेकते. तोच हात तोंडात घालते. मग जुलाब होऊ शकतात.

म्हणून एवढे करा :

१. पोतेऱ्याला जुने सुती कापड घ्या. ते पाणी चांगले शोषते.

२. पुसताना पाणी गढूळ झाले की बदला.

३. काम झाले की पोतेरे साबणाने धुवा. स्वच्छ पाणी निघेपर्यंत खळबळा.

४. घट्ट पिळून उन्हात पसरा. पावसाळ्यात वाऱ्यावर टांगा.

५. आठवड्यातून एकदा ते उकळत्या पाण्यात भिजत ठेवा. काठीने दाबा, हात घालू नका. मुलांना लांब ठेवा.

६. संडासाचे फडके वेगळेच ठेवा.

७. दांडीचे पुसणे असेल, तर तेही धुवा आणि खिळ्याला टांगा. बादलीत उभे ठेवू नका.

एक सावधगिरी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

आता आमचे पोतेरे अंगणातल्या दोरीवर वाळते. पाहुण्यांना दिसते. दिसू दे! घरातला कुबट वास गेला. उदबत्ती आता फक्त देवापुढे लागते.

सांगा पाहू :
तुमचे पोतेरे आता कुठे आहे? बादलीत की दोरीवर?