गर्भातील नऊ महिने

राजघाटावरून तापीच्या पैलतीराकडे पाहिले की जैनाबादच्या बागेची आठवण होते. आपल्या बुऱ्हाणपुरात १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल निवर्तली. तिचे पहिले दफन त्या बागेत झाले. नवजात मुलगी गौहर आरा मात्र वाचली. बाळंतपणाची धास्ती आपल्या गावाला अशी जुनीच आहे. परंतु त्यापूर्वीच्या नऊ महिन्यांत बाळावर काय परिणाम होतात, याचा विचार घरोघरी क्वचितच होतो.

आईला भय वा चिंता वाटली की तिच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. हे काही विष नव्हे. दिवस भरत आले की बाळाची फुप्फुसे पक्व होण्यास तेच साहाय्य करते. मात्र ते अकाली वा अतोनात पोहोचू नये म्हणून वारेतील एक विकर त्याचा बराचसा भाग निष्क्रिय करते. ताण तीव्र व दीर्घकाळचा असेल तर हा पहारा ढिला पडू शकतो. अशा मातांमध्ये अपुऱ्या दिवसांची प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचा धोका अधिक आढळतो. रोजच्या किरकोळ काळजीने कोणी घाबरून जाऊ नये.

संप्रेरकांची घडी गर्भातच बसू लागते, याचा दाखला पुण्यात मिळाला. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याच्या व लंडनच्या नवजात बालकांच्या नाळेतील रक्ताची तुलना करून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुण्याची बाळे वजनाने हलकी, तरी त्यांच्या रक्तात इन्सुलिन अधिक होते.

आता दारूविषयी. कॉर्टिसॉलला अडविणारी वार दारूला अडवीत नाही. आई जे पिते ते बाळाच्या रक्तात जाते, आणि त्याचे कोवळे यकृत ते लवकर पचवू शकत नाही. मेंदूची वाढ खुंटते. ताणाची संप्रेरकेही बिघडतात. फ्रान्समध्ये १९६८ साली लमवान यांनी व अमेरिकेत १९७३ साली जोन्स व स्मिथ यांनी अशा मुलांची लक्षणे नोंदविली : लहान डोळे, पातळ वरचा ओठ, खुंटलेली वाढ. पुढे शाळेत लक्ष न लागणे, गणित न उमजणे हेही दिसते. प्रत्येक मागे पडणाऱ्या मुलाचे कारण हेच असते असे नाही. पण ज्याचे हे असते, त्याला छडीने काय साधणार?

मोहाची असो वा बाटलीची, गरोदरपणी दारूचे निर्धोक प्रमाण ठरलेले नाही. नकळत घेतली गेली असेल तर आजच थांबावे व डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. रोजची सवय असल्यास ती त्यांच्या देखरेखीखालीच सोडावी.

सगळा भार आईवर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. जी बाई थेंबही घेत नाही, तिचा पती रात्री पिऊन शिवीगाळ करीत असेल, तर त्याच्या दारूचा उपद्रव तिच्या भयाच्या वाटेने पोटातल्या बाळापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून सूनबाईच्या डोहाळजेवणाची तयारी करताना घरातील कर्त्या पुरुषांनी बाटली दूर सारावी, सासूबाईंनी चार शब्द मायेचे बोलावेत आणि वेळेवर तपासणीस न्यावे. बाळाचे संगोपन जन्मापासून नव्हे, येथपासून सुरू होते.