जमाखर्चाची वही

आमच्या घरी कोनाड्यात एक लांबट वही असे. रात्री जेवणे आटोपली की वडील दिव्याशी बसून तीत दिवसाचा खर्च लिहीत. आई आकडे सांगे. मी ऐकत असे. काटकसरीचा उपदेश मात्र त्यांनी मला कधी केल्याचे स्मरत नाही. मुलांनो, आता फोन पुढे धरला की दुकानदाराचे पैसे चुकते होतात आणि घरात किती खर्च झाला, हे मुलांच्या कानी पडत नाही. तुम्ही मुद्दाम विचारीत जा.

बारा वर्षांचा असताना जत्रेसाठी मिळालेले पाच रुपये मी पहिल्याच संध्याकाळी उडविले. दुसऱ्या दिवशी तंबूत सिनेमा होता आणि खिसा रिकामा! मी आईपुढे हात पसरला. ती रागावली नाही. पण तिने पैसेही दिले नाहीत. शेजारच्या मित्राला मागेल तेव्हा पैसे मिळत. त्याचा मला फार हेवा वाटला. वडिलांनी वही पुढे केली. म्हणाले, "तुझा खर्च तूच लिही." पिपाणी, भिंगरी, गोडीशेव... लिहिता लिहिता ध्यानात आले की, पाळण्यात मी चार वेळा बसलो होतो! सोबती सिनेमाला गेले. मी ओट्यावर बसून राहिलो.

पुढच्या आठवड्यात वडील मला टपाल कचेरीत घेऊन गेले. तेथील बचत बँक आपल्या देशात १८८२ पासून चालत आली आहे; १० वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तीत स्वतःच्या नावाने खाते उघडता येते. माझा पहिला भरणा अगदी लहानसा होता. पुस्तकावर शिक्का उमटेपर्यंत मी श्वास रोखून उभा होतो.