मत्स्यपेटीतील सहजीवन : माशांची निवड कशी करावी?

शाळांच्या विज्ञानकक्षात, सार्वजनिक वाचनालयात आणि अनेक घरांच्या दर्शनी खोलीत काचेची मत्स्यपेटी पाहावयास मिळते. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना जलचरांच्या रंगीत सृष्टीची पहिली ओळख करून दिली. ती हौस आता खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आहे. तथापि, मोठ्या उत्साहाने मांडलेली पेटी काही आठवड्यांतच ओस पडल्याचेही वरचेवर आढळून येते. अशा वेळी दोष पाण्याला किंवा खाद्याला दिला जातो. पुष्कळदा मूळ कारण मात्र निराळेच असते. ज्यांचे एकमेकांशी जमणे शक्य नाही, असे मासे केवळ रंग पाहून एकत्र आणलेले असतात.

तळ्यातील धडा

माशांच्या सहजीवनाचे तत्त्व आपल्या ग्रामीण भागाला नवे नाही. गावतळ्यातील मिश्र मत्स्यशेतीत कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे एकत्र सोडतात. कटला पृष्ठभागाजवळचे अन्न खातो, रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ तळाशी राहतो. एकाच्या ताटात दुसरा हात घालीत नाही. म्हणून तिघेही वाढतात. मत्स्यपेटी हे याच तळ्याचे लहान रूप होय. फरक एवढाच की, तळ्यात दुर्बळ माशाला पळून जाण्यास जागा असते. पेटीत ती नसते. म्हणूनच येथे निवड अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

प्रथम पाणी, मग मासा

निवडीचा आरंभ आपल्या पाण्यापासून करावा. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड समजावे. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी सामान्यतः असे असते. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे पिले देणारे मासे जड पाण्यात चांगले राहतात. तलाव किंवा धरणातून येणारे पाणी बहुधा हलके असते. बार्ब, गोरामी व टेट्रा या जातींना ते अधिक मानवते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक असल्याने असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात किमान चोवीस तास उघडे ठेवून मगच वापरावे.

तापमानाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक जाती उष्ण प्रदेशांतील असून त्यांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी माणसाळविलेल्या गोल्डफिशला मात्र थंड पाणी आवडते. शिवाय तो मोठा होतो आणि पुष्कळ घाण करतो. त्यास लहान पेटीत इतर माशांबरोबर ठेवण्याऐवजी सावलीतील प्रशस्त हौदात स्वजातीयांसमवेत ठेवावे, हे उत्तम.

स्वभाव ओळखावा

पाणी जुळले तरी स्वभाव जुळतोच असे नाही. सुमात्रा बेटाकडील टायगर बार्ब दिसावयास देखणा असतो, पण मंद पोहणाऱ्या माशांचे लांब पर कुरतडण्याची त्यास खोड असते. त्याच्याजवळ एंजलफिश, गोरामी किंवा फायटर ठेवू नये. थायलंडकडील फायटर माशाचे दोन नर एका पेटीत ठेवल्यास ते एकमेकांना जबर जखमी करतात. ॲमेझॉन खोऱ्यातील एंजलफिश शांत वाटतो. परंतु वाढल्यावर तो तोंडात मावणाऱ्या निऑन टेट्रासारख्या लहान माशांना गिळतो. ऑस्कर हा तर एक फुटापर्यंत वाढणारा शिकारी मासा आहे. बोटाएवढे पिलू म्हणून त्यास घरी आणणे, हे पुढील संकटास निमंत्रण ठरते. सारांश, दुकानातील आकार पाहू नये. पूर्ण वाढ झाल्यावरचा आकार विचारावा.

काही मासे कळपप्रिय असतात. झेब्रा मासा, टेट्रा, बार्ब आणि तळाशी राहणारा कॉरिडोरास यांना एकटे ठेवल्यास ते भेदरतात व खाणे टाकतात. असे मासे निदान सहा तरी एकत्र असावेत. गप्पी, प्लॅटी अशा जातींत नर सतत मादीच्या मागे लागतो. म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, अथवा संख्या वाढू द्यावयाची नसल्यास केवळ नरच ठेवावेत.

संख्येचा हिशेब

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीत वाळू-दगड घातल्यानंतर सुमारे ५० लिटर पाणी राहते. लहान माशांसाठी दर चार लिटर पाण्यामागे एक इंच मासा, हे स्थूल प्रमाण धरल्यास या पेटीत सुमारे बारा इंच एकत्रित लांबीचे मासे सुखाने राहतील. उदाहरणादाखल दोन योजना देता येतील.

जड पाण्यासाठी : सव्वा इंच लांबीचे चार गप्पी नर आणि दोन इंची तीन प्लॅटी, असे एकूण अकरा इंच.

हलक्या पाण्यासाठी : दीड इंच लांबीचे सहा झेब्रा मासे आणि तीन इंची एक बटू गोरामी, असे एकूण बारा इंच. या दोन्ही जाती मूळच्या भारतीय आहेत, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

वीजपुरवठा खंडित झाल्यास हवेचा पंप बंद पडतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. अशा ठिकाणी वरील संख्येपेक्षाही कमी मासे ठेवणे शहाणपणाचे होय.

घाई करू नये

नव्या पेटीत सर्व मासे एकदम सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया हे विष तयार होते. उपयुक्त जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून प्रथम दोन-तीन काटक मासे सोडावेत व पुढे क्रमाने भर घालावी. हद्द राखणारा भांडखोर मासा सर्वांत शेवटी सोडावा. फाटलेले पर, कोपऱ्यात दडून बसणे व खाणे टाकणे ही न जुळल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच दगड-वनस्पतींची मांडणी बदलून पाहावी. न जमल्यास मासा वेगळा करावा.

नको असलेला मासा नदीत नको

येथे एका गंभीर बाबीकडे पंचायत सदस्यांचे व शिक्षकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. न जमणारा वा फार वाढलेला मासा भूतदयेपोटी ओढ्यात, तळ्यात किंवा नदीत सोडून दिला जातो. ही दया नव्हे. तो स्थानिक जलचरांवर अन्याय आहे. पेटीतील शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा याच मार्गाने भारताच्या अनेक जलाशयांत शिरला. २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेतही सापडला. त्याच्या कठीण खवल्यांमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्यास किंमत येत नाही. मत्स्यशेतीसाठी १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया पुढे अनेक तलावांत स्थानिक माशांना डोईजड झाला, हाही अनुभव आपल्यासमोर आहे. हिवताप नियंत्रणासाठी गप्पी मासे सोडण्याचे कामही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने व बंदिस्त पाण्यापुरतेच व्हावयास हवे.

नकोसा झालेला मासा दुकानदारास परत करावा किंवा दुसऱ्या हौशी व्यक्तीस द्यावा. ग्रामसभेत हा विषय एकदा मांडला आणि शाळेच्या पेटीवर तशी सूचना लावली, तरी पुष्कळ काम होईल. तळ्यावर ज्यांचे पोट अवलंबून आहे, अशा मच्छीमार कुटुंबांचे हित त्यात सामावलेले आहे.

शाळेतील मत्स्यपेटी शोभेपुरती राहू नये. पाणी तपासणे, माशांची लांबी मोजणे, त्यांच्या वर्तनाची नोंदवही ठेवणे ही कामे विद्यार्थ्यांच्या गटांकडे सोपवावीत. मर्यादित जागेत, मर्यादित साधनांवर कोण कोणाबरोबर राहू शकते, याचा पाठ पुस्तकापेक्षा तेथे अधिक स्पष्टपणे समजतो.