वाढीव खोलीखालचं चेंबर

चि. सौ. मुग्धास,


काल फोनवर बोलता बोलता तुझा आवाज भरून आला, तेव्हापासून जिवाला चैन नाही. मागे वाढवलेल्या स्वयंपाकघरात गटाराचा वास येतो, रात्री ओट्याखाली खुडबुड चालते, आणि वर घरात बोललं जातं की मुग्धाची मोरी स्वच्छ नसते. हे बोलणं आधी मनातून काढून टाक. माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात गेली. लख्ख घासलेल्या घरांतही मी हा त्रास पाहिला आहे. त्याचं मूळ फरशीच्या खाली असतं, तिथे कुणाचा खराटा पोहोचत नाही.

म्हणून फिनेल आणि सुगंधी गोळ्यांवर आता पैसे घालवू नकोस. आणि संडास धुण्याचं ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकाच वेळी मोरीत कधीही ओतू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो थेट छातीत जातो. घरात ओवी रांगते आहे. सासूबाईंनाही हे शांतपणे सांग.

माझं सांगणं एवढंच आहे की उंदीर मारायच्या आधी त्याची वाट शोध. वासाची आणि उंदराची वाट बहुतेक वेळा एकच असते. ज्या फटीतून गटारातली हवा वर येते, तीच फट कुरतडून मोठी केली की उंदीर वर येतो. अंगठा जाईल एवढं भोक मोठ्या उंदराला पुरतं, लहान पिलाला पेन्सिलीएवढं. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा ते बारा पिलं घालते. मुंबई महापालिकेने रात्री बॅटरी आणि काठी घेऊन फिरणारे मूषकसंहारक आजही पगारावर ठेवले आहेत, तरी मुंबईतले उंदीर संपलेले नाहीत. वाट उघडी आणि अन्न मिळतंय, तोवर मेलेल्याची जागा दुसरा घेतो.

आता तुझ्या घराचं काय झालं असावं ते सांगतो. तुमच्या मागच्या भिंतीपलीकडे जी मोकळी जागा होती, त्यात जुन्या न्हाणीघराचं आणि संडासाचं चेंबर होतं, हे मला वास्तुशांतीच्या वेळेपासून आठवतं. घराभोवतीचं सामासिक अंतर उजेड-वाऱ्यासाठी असतं तसंच ते गटारापर्यंत हात पोहोचावा म्हणूनही असतं. कंत्राटदाराने ते चेंबर बाहेर सरकवायला हवं होतं. ते काम जिकिरीचं आणि फरशीखाली गेलं की न दिसणारं, म्हणून त्याने झाकणावर मुरूम टाकला, वर कोबा केला आणि फरशी बसवली, असा माझा पक्का अंदाज आहे. असं केलेलं मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की त्याचा मला अजूनही संताप येतो. राहणारा आपलं आयुष्यभराचं साठवलेलं घालतो आणि बांधणारा चार दिवसांची मजुरी वाचवतो.

त्यात सांगलीची काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनं घर खाली मुरमापर्यंत पाया घेऊन उभं आहे, आणि नवी खोली बहुधा दोन फुटांच्या पायावर. दोघं वेगवेगळी हलतात. जुन्या भिंतीला नवी भिंत जिथे भिडते तिथे वरपासून खालपर्यंत सरळ तडा गेला आहे का ते बघ. तडा असेल तर त्याच्या रेषेत खाली पाइपाचा सांधाही निसटला असण्याचा संभव मोठा. सांधा निसटला की सांडपाणी मातीत मुरतं, भराव बसतो, फरशीखाली पोकळी होते, आणि ओली, भुसभुशीत, आयती उकरलेली जागा घुशीला याहून चांगली कुठे मिळणार? लाटण्याच्या टोकाने फरशी ठोकत जा. भरीव आवाज येता येता जिथे एकदम पोकळ वाजेल तिथे खडूने खूण कर.

फोडाफोडी करायच्या आधी घरच्या घरी काही गोष्टी पाहता येतात. न्हाणी ट्रॅपची जाळी उचल आणि आत बॅटरी मार. तळाशी पाणी साचलेलं दिसलं पाहिजे, साधारण दोन इंच. हाच पाण्याचा पडदा गटारातली हवा अडवतो. पाणी लवकर जात नाही म्हणून लोक आतली वाटी काढून टाकतात आणि मग गटार थेट घरात उघडं पडतं. वाटी नसेल तर आजच आणून बसव. जी मोरी रोज वापरात नाही तिच्यातलं पाणी उन्हाळ्यात आठवड्या-दोन आठवड्यांत उडून जातं. तिथे दर आठवड्याला तांब्याभर पाणी घाल. गावाला जाणार असाल तर वर चमचाभर गोडंतेल सोड, म्हणजे पाणी सावकाश उडतं.

मग सिंकखाली वाक. तो वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला असणार, आणि भोवती दोन बोटं फट. दहा घरांतल्या नऊ घरांत हेच दिसतं. उंदराला याहून सरळ दरवाजा नको. वॉशिंग मशीनच्या पाइपाचंही तेच. सिंकला बॉटल ट्रॅप लाव, जमिनीत जाणाऱ्या पाइपाला रबरी कॉलर बसव, आणि सिंकचं पाणी बाहेर गली ट्रॅपमधूनच चेंबरला जातंय ना ते प्लंबरकडून खात्री करून घे.

संडासाचा फ्लश ओढल्यावर मोरीत गुडगुड वाजतं का, हे लक्ष देऊन ऐक. वाजत असेल तर बहुधा व्हेंट पाइप बंद झाला आहे. नवा स्लॅब टाकताना तो जुना उभा पाइप कापून टाकला असेल किंवा स्लॅबखालीच तोंड उघडं सोडलं असेल. हवा वरून मिळत नाही म्हणून पाणी जाताना ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. तो पाइप गच्चीच्या वर, खिडक्यांपासून लांब नेऊन तोंडाला जाळी बसवायला हवी. खर्च थोडा आहे, आणि नुसत्या वासापुरतं म्हणशील तर निम्मं काम त्यानेच होतं.

शेवटची चाचणी निळीची. कपड्यांची नीळ बादलीभर पाण्यात दाट कालव आणि संडासात ओत. निखिलरावांना बाहेर रस्त्याकडच्या चेंबरचं झाकण उघडून उभं राहायला सांग. निळं पाणी झपझप आणि तेवढंच दाट आलं तर पाइप बरा आहे. उशिरा, फिकट आलं किंवा आलंच नाही, तर मधे कुठेतरी ते जमिनीत जातंय. झाकण उघडल्यावर लगेच वाकून आत बघायचं नाही, थोडा वेळ जाऊ द्यायचा, आणि तिथे काडीपेटी किंवा बिडी पेटवायची नाही. गटारातल्या हवेत मिथेन असतो, तो पेट घेतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. प्रमाण वाढलं की नाकाला तो वास येईनासा होतो आणि माणूस जागच्या जागी कोसळतो.

यावरून एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. चेंबर तुंबलंय म्हणून कुणाला आत उतरवू नका, तो स्वतः तयार असला आणि जास्त पैसे मागत असला तरीही. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाकडून गटार किंवा सेप्टिक टँक साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही वर येत नाहीत, हे आमच्या खात्याने पाहिलं आहे. महापालिकेची जेटिंगची किंवा सक्शनची गाडी बोलाव. दोन दिवस थांबावं लागलं तर थांब.

आता उंदीर. कोण आहे ते लेंड्यांवरून कळतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार, कपाटात विखुरलेल्या असतील तर घरातली लहान उंदरं. अर्ध्या-पाऊण इंचाच्या, जाड असतील तर मोठा उंदीर किंवा घूस. बाहेर भिंतीच्या कडेला ताज्या मातीचा ढीग आणि शेजारी बीळ दिसलं तर घूस नक्की, आणि मग पायाखालची माती जाते आहे असं समज. चिचुंद्री असेल तर कस्तुरीसारखा उग्र वास येतो. ती किडे, झुरळं खाते, तिला मारू नकोस, बाहेर हाकल. एवढं मात्र खरं की उंदरांच्या मागे धामण येते, आणि क्वचित नागही. ओवीचा बिछाना त्या खोलीतून आजच हलव.

विषाच्या गोळ्या नकोत. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही, आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेली तर यकृत निकामी होतं. रांगत्या मुलाच्या घरात या वस्तू आणूच नयेत. शिवाय विष खाल्लेला उंदीर फरशीखाली जाऊन मरतो, मग गटाराच्या वासावर कुजल्याचा वास चढतो आणि तो काही आठवडे हटत नाही. पिंजरा लाव. पहिल्या दोन रात्री चाप न लावता नुसता भज्याचा किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा ठेव, कारण नव्या वस्तूला उंदीर बिचकतो. तो सरावला की मग चाप लाव. पकडलेला उंदीर शेजारच्या गल्लीत सोडू नका. महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारा. लेंड्या कोरड्या झाडू नकोस. हातमोजे घाल, ब्लीचिंगचं पाणी शिंपड, थोड्या वेळाने ओल्या फडक्याने पुस. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत तो कसा पसरला ते आम्ही वाचलं होतं. साफसफाईनंतर पंधरा दिवसांत कुणाला ताप आला, अंग मोडून आलं, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना उंदरांचं आपणहून सांग. ते सांगितलं नाही तर त्यांना सुचणार कसं?

निखिलराव म्हणाले की वरून दुसरी फरशी टाकून फटी सिलिकॉनने बुजवू. त्यांना माझा निरोप दे की असं करू नये. सिलिकॉन आणि फोम उंदीर एका रात्रीत कुरतडतो, आणि फरशीवर फरशी घातली की खालचं चेंबर आणखी दूर जाईल. खडूची खूण जिथे दाट पडेल तिथे फरशी उघडावीच लागेल. ओट्याचा एखादा खांब हलवावा लागला तरी हलवा. चार दिवस स्वयंपाक पुढच्या खोलीत होईल.

उघडल्यावर चेंबर सापडलं तर ते बाहेर मोकळ्यावर हलवता येतं का ते आधी पाहा. जागाच नसेल तर खोलीखालून मधे कुठेही न उघडणारा सलग पाइप घालून दोन्ही टोकांना बाहेर चेंबर करा. चार इंची पाइपाला चाळीस फुटांना एक फूट असा उतार पुरेसा होतो. उतार कमी ठेवला तर मळ मागे राहतो. पाइप भिंतीखालून जातो तिथे भिंतीचं वजन त्यावर येऊ देऊ नका, भोवती थोडी मोकळी जागा ठेवून तिथे जाळी बसवा. जुन्या न्हाणीघराचा पाइप नुसता कापून मातीत सोडला असेल. तोच मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण वापरात नसलेला उघडा तुकडा ही उंदराची हक्काची जागा. तो चेंबरच्या बाजूनेच काँक्रीटने बंद करायला लावा. बिळं बुजवताना फुटक्या काचा घालून सिमेंट भरायची आपली जुनी रीत चांगली आहे, त्यावर पाव इंची जाळीही घाला.

आणि सांगलीत राहता, तर बाहेरच्या शेवटच्या चेंबरपाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. पुराचं पाणी दारातून येण्याआधी मोरीतून उलटं वर येतं, हे ऑगस्ट २०१९ नंतर तिथे कुणाला सांगायला नको. व्हॉल्व्ह दर पावसाळ्याआधी उघडून साफ करावा लागतो, नाहीतर तोच तुंबतो.

पैशांबद्दल. त्याच कंत्राटदाराला बोलवायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी बोलावलं नसतं. पण आधी त्याला लेखी कळवा, उघडलेल्या फरशीचे फोटो त्याच्या समोर काढा, आणि भरपाई मागा. संकोच करू नका. नव्या माणसाला सगळे पैसे एकदम देऊ नका, काही रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवा आणि ते आधीच कागदावर लिहून घ्या. खोलीला परवानगी घेतली होती का, तेही एखाद्या परवानाधारक इंजिनिअरला दाखवून घ्या, म्हणजे पुढे घर विकताना अडणार नाही.

फरशी कुठल्या दिवशी उघडायची ते ठरलं की मला कळव, मी आदल्या दिवशी येतो. माझं येणं जमलं नाही तर पाइप झाकायच्या आधी त्यात पाणी भरून दोन्ही टोकं बंद करायला सांग, आणि अर्ध्या तासाने पातळी उतरली आहे का ते तू स्वतः उभी राहून बघ. शेजारी टेप ठेवून फोटो काढ आणि मला पाठव. ते बघून मी हो म्हणेपर्यंत वर मुरमाचं एक घमेलंही पडू देऊ नकोस.

ओवीला गोड पापा. सासूबाईंना नमस्कार.

तुझा,
मामा