गाठ ग्रंथीची की मज्जातंतूची?

सोनोग्राफी म्हटले की सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे पोट आणि गर्भ एवढेच येते. माझीही समजूत फार वेगळी नव्हती, हे प्रथमच कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी धारजवळच्या खेड्यातून एका नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आजी माझ्याकडे आली. उजव्या दंडाच्या आतील बाजूस, कोपराच्या वर, बोराएवढी गाठ होती. आजी तिला ‘अवधाण’ म्हणत होत्या. मीही लसीकाग्रंथीच समजलो आणि क्षयाच्या शंकेने सुईने पेशी काढण्यास पाठविले. सुई टोचताच मुलगा किंचाळला. करंगळीपर्यंत वीज गेली, असे त्याने सांगितले. पुढे दोन आठवडे त्याची करंगळी बधिर होती. ती सुई माझ्या चिठ्ठीवरून टोचली गेली होती.

त्यानंतर आमच्या रेडिऑलॉजिस्ट मित्रांनी 12 ते 18 मेगाहर्ट्झचा प्रोब घेऊन मनगटापासून वर पाहत नेले. आडव्या छेदात निरोगी मज्जातंतू मधाच्या पोळ्यासारखा दिसतो: काळे ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे, मधली पांढरी जाळी म्हणजे त्यांची आवरणे. हे पोळे वर सरकत सरकत थेट गाठीत शिरले आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडले. निदानाचे मर्म येथे आहे. गाठ काळसर, चातीच्या आकाराची असते. तिच्या मागचा भाग उजळ दिसत असल्याने ती पाण्याची गाठ वाटू शकते, मात्र डॉप्लरवर आत रक्तप्रवाह दिसला की तो भ्रम फिटतो. लसीकाग्रंथीत बहुधा मध्यभागी पांढरे नाभिस्थान असते. येथे ते नव्हते. मज्जातंतू गाठीच्या कडेने जात असेल तर श्वानोमा, मधून जात असेल तर न्यूरोफायब्रोमा, असा कल मानतात. तो निर्णय नव्हे. गाठ साधी की कर्करोगाची, हेही केवळ सोनोग्राफीवर ठरवू नये. (आपल्याकडे जाड मज्जातंतू दिसला की कुष्ठरोगाचाही विचार हवाच, त्यात जाडी सहसा लांबवर पसरलेली असते.)

मग मी मुलाचा सदरा काढावयास सांगितला. हे पहिल्याच दिवशी करावयास हवे होते. पाठीपोटावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे नऊ डाग, काखेत बारीक ठिपके. “ग्रहणात सून बाहेर गेली होती,” आजी म्हणाल्या. वयात येण्यापूर्वी 5 मिलिमीटरहून मोठे असे सहा डाग आणि काखेतील ठिपके, एवढ्यावर न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार 1 चे निदान होऊ शकते. सुमारे तीन हजारांत एकास होणारा हा आजार जनुकातील बदलाने होतो आणि निम्म्या मुलांच्या घरात तो पूर्वी कोणासही नसतो. ग्रहणाचा वा सुनेचा त्यात काही दोष नाही, हे मी आजींना दोनदा सांगितले.

एमआरआयनंतर शल्यविशारदांनी गाठ तशीच ठेवली. न्यूरोफायब्रोमात तंतू गुंतलेले असतात, गाठ काढताना हात दुबळा होण्याची भीती. गाठ झपाट्याने वाढली, सतत दुखू लागली किंवा पकड सैल झाली तर तत्काळ या, असे लिहून दिले आहे. रक्तदाब व डोळ्यांची तपासणी दरवर्षी होते.

आता तो आला की मी काही म्हणण्याआधीच सदरा काढून बसतो.